तारेवरच्या मिशा

परवा व्हिडिओ कॉलवर ईरा म्हणाली, "आजी, आम्हाला या सत्रात मास स्पेक्ट्रोमेट्री आहे. फील्ड आयनायझेशन म्हणजे काय ते तुला माहीत आहे का गं?" मी म्हणाले, माहीत आहे, अकरा वर्षं सोसलं आहे. तुम्ही दोघं हसलात आणि नील म्हणाला, लिहून पाठव. म्हणून लिहिते आहे. यात शास्त्र थोडं आणि माणूस जास्त आहे. शास्त्र तुमच्या पुस्तकांत मिळेल. हा माणूस मात्र कुठल्याच पुस्तकात मिळायचा नाही, आणि पुस्तकांच्या दृष्टीने ते बरंच आहे.

जळगावच्या आमच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवत होते हे तुम्हाला ठाऊक आहे. शिवाय प्रयोगशाळेची कपाटं, बाटल्या आणि रजिस्टरं माझ्या ताब्यात होती. माझ्या कपाटातली बाटली डोळे मिटून काढली तरी हवी तीच हातात यायची. व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत जे सर बसायचे, त्यांच्या टेबलावर डोळे उघडे ठेवूनही काही सापडायचं नाही. एक चष्मा त्यांच्या नाकावर असायचा, दुसरा कपाळावर, आणि तिसरा ते शोधत असायचे. खिशात पेन नसायचं, चिमटा असायचा. सही करायची वेळ आली की ते माझं पेन घ्यायचे, आणि माझी पेनं त्यांच्या खोलीत जाऊन तिथेच स्थायिक व्हायची.

सर धुळ्याजवळच्या एका खेड्यातले. बाहेर कुठे कुठे शिकून आले होते, मोठ्या प्रयोगशाळांतून राहून आले होते, आणि मग का कोण जाणे आमच्या कॉलेजात येऊन बसले. त्यांना विचारलं तर सांगायचे, "इथे मला कुणी काही विचारत नाही." ते खरं होतं. विचारायला गेलेला माणूस पुन्हा विचारायच्या फंदात पडत नसे.

त्यांच्यामागोमाग ते यंत्र आलं. कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्याच्या प्रयोगशाळेतलं जुनं मास स्पेक्ट्रोमीटर. कारखान्याला ते फेकायचं होतं आणि आमच्या प्राचार्यांना काहीतरी उद्घाटन करायचं होतं, त्यामुळे दोघांचीही सोय झाली. यंत्राला हार घातला, कुंकू लावलं, आणि प्राचार्यांनी त्याच्यासमोर उत्साहाने नारळ फोडला. नारळाचं पाणी व्हॅक्यूम पंपावर उडालं. सरांनी खिशातला रुमाल काढला, पंप पुसला, रुमाल प्राचार्यांच्या हातात दिला आणि खोलीचं दार लावून घेतलं. त्यानंतर वर्षभर ते प्राचार्यांशी बोलले नाहीत. प्राचार्यांना हे कळायला सहा महिने लागले, कारण आधीही ते फारसे बोलत नव्हते.

आता थोडं शास्त्र सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. रेणूचं वजन करायचं असेल तर आधी त्याला विद्युतभार द्यावा लागतो. नेहमीची पद्धत अशी की त्याच्यावर इलेक्ट्रॉनचा मारा करायचा. भार मिळतो, पण मारात रेणूचे तुकडे होतात, आणि मग तुकड्यांवरून अख्खा रेणू कसा असेल याचा अंदाज बांधायचा. सर या पद्धतीला 'चौकीवरची पद्धत' म्हणायचे. "मॅडम, कुणालाही चौकीत नेऊन मारा. तो काय सांगेल? जे तुम्हाला ऐकायचंय तेच सांगेल. आणि सगळे सारखंच सांगतील."

त्यांची पद्धत वेगळी. केसाहूनही कितीतरी बारीक अशी टंगस्टनची तार घ्यायची. तिच्यावर कार्बनचे सूक्ष्म काटे वाढवायचे. इंग्रजीत त्यांना मांजराच्या मिशांचंच नाव आहे, म्हणून सरही 'मिशा' म्हणायचे. पदार्थ त्या मिशांवर लावायचा आणि तारेला दहा-बारा हजार व्होल्ट द्यायचे. मिशीच्या टोकापाशी विद्युतक्षेत्र इतकं तीव्र होतं की रेणूतला एक इलेक्ट्रॉन आपसूक निसटतो. मारहाण नाही, तोडफोड नाही. रेणू अख्खाच्या अख्खा बाहेर पडतो आणि त्याचं खरं वजन सांगतो. "खिशातून एक रुमाल काढून घ्यायचा फक्त," सर म्हणायचे. "माणसाला धक्कासुद्धा लागता कामा नये."

माणसांच्या बाबतीत मात्र त्यांना हा नियम मान्य नव्हता. एम.एस्सी.च्या एका मुलीने तार हातात धरताना तोडली तेव्हा सर तिला म्हणाले, "तुम्ही गृहविज्ञानाला जा. नाही, तिकडेही नका जाऊ. तिथे भांडी असतात." ती मुलगी माझ्या खोलीत येऊन तासभर रडली. मी सरांना जाब विचारला तर म्हणाले, "तार वाढवायला आठ तास लागतात. ती किती वेळ रडली?" मी म्हणाले, एक तास. "मग?" म्हणाले.

आठ तास हे अगदी खरं होतं. मिशा हळूहळू वाढतात. तार तापवून, व्होल्टेज लावून, एका बदामाच्या वासाच्या द्रवाची वाफ सोडायची आणि वाट बघायची. ऑफिसातल्या हेडक्लार्कची बरीच वर्षं समजूत होती की सर खोलीत एकटे बसून बदामाची बर्फी खातात आणि कुणाला देत नाहीत. तो द्रव विषारी असतो असं मी त्यांना सांगितलं, तरी त्यांचा विश्वास बसला नाही.

मिशा वाढत असताना व्हरांड्यात चप्पल घालून चालायचं नाही. दार आपटायचं नाही, म्हणून प्रत्येक दाराच्या फटीत सरांनी जुन्या धोतराच्या चिंध्या कोंबल्या होत्या. आणि पंखा लावायचा नाही. पंख्याने भिंत थरथरते, भिंतीने टेबल, टेबलाने तार. जळगावचा मे महिना तुम्ही पाहिलेला नाही. तुमची आई तुम्हाला नेहमी डिसेंबरात आणते. त्या महिन्यात सर पंखा बंद करून, घामाने निथळत, नाकावरचा चष्मा पुसत आठ तास बसायचे. शेजारच्या खोलीतला पंखाही बंद करायला लावायचे. शेजारची खोली माझी होती.

यंत्राचा दुसरा शत्रू वीज. म्हणजे तिचं जाणं. सात तास झालेले असावेत आणि भारनियमन सुरू व्हावं, की सगळ्या मिशा वाया. सरांच्या बायकोचा भाऊ दीपनगरच्या औष्णिक केंद्रात नोकरीला होता. तिथे तो हजेरीपट बघत असे, पण सरांच्या हिशेबी जळगावचा वीजपुरवठा तोच आपल्या हाताने बंद-चालू करत असे. दिवे गेले की सर त्याला फोन लावायचे.

"काय रे, पुन्हा?"

पलीकडून तो बिचारा काहीतरी समजावून सांगायचा.

"कोळसा ओला आहे? मग वाळव. मला काय सांगतोस? माझ्या सात तासांचं काय?"

एका दिवाळीला त्याने बहिणीला ओवाळणी घालायला घरी यायचंही टाळलं असं मी ऐकलं. सरांना ते बरोबरच वाटलं. म्हणाले, "तोंड दाखवायला जागा आहे का त्याला?"

हिवाळ्यात आमच्याकडे भरिताच्या पार्ट्या होतात. एका जानेवारीत स्टाफने कॉलेजच्या मागच्या मैदानात तुरीच्या काट्या पेटवून वांगी भाजली, मिरच्या-लसूण कुटला, वर तेलाची फोडणी घातली. भरीत ताटात पडायच्या आत सर तिथे हजर. त्यांना बोलावलेलं होतं, त्यामुळे आम्हाला आनंद झाला. त्यांनी हवेत नाक वर केलं आणि विचारलं, "वारा कुठल्या दिशेचा आहे?" मग ते परत गेले. दुसऱ्या दिवशी सूचना फलकावर त्यांच्या अक्षरात एक कागद लागला: 'काल सायंकाळी साडेसहापासून या महाविद्यालयाच्या व्हॅक्यूममध्ये शेंगदाण्याचे तेल आढळत आहे. संबंधितांनी लक्षात घ्यावे.' संबंधितांनी लक्षात घेतलं आणि पुढच्या वर्षीची पार्टी धरणगावला कुणाच्या तरी शेतात केली. सरांना बोलावलं नाही.

एवढं करून त्या यंत्राचा उपयोग काय, असं तुम्ही विचाराल. तपासणीला आलेल्या समितीनेही विचारलं होतं. सर म्हणाले, "मेण, तेल, डांबर. जे लोक मारून बोलत नाहीत ते." समितीने अहवालात 'उपयुक्तता अस्पष्ट' असं लिहिलं. मला तेव्हा समितीचं म्हणणं पटलं होतं.

ते पटेनासं झालं ते रेलीबाई आली त्या उन्हाळ्यात.

रेलीबाई शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरची. घरची बोली पावरी, पण बाजारात वावरून अहिराणी चांगली बोलायची. पाड्यावरच्या बायकांचा एक गट होता. जंगलातल्या आग्यामोहोळांचं मेण त्या गोळा करायच्या, वितळवून, गाळून, ढेपा करून विकायच्या. पोरींच्या शाळेतल्या एका शिक्षकाने त्यांना एका क्रीम बनवणाऱ्या कंपनीशी जोडून दिलं होतं. दोन वर्षं माल नीट गेला. तिसऱ्या वर्षी कंपनीने सगळा माल परत पाठवला आणि सोबत एका प्रयोगशाळेचा अहवाल जोडला: मेणात पॅराफिन आहे. म्हणजे मेणबत्तीचं स्वस्त मेण मिसळलेलं आहे.

तो शिक्षक सरांचा जुना विद्यार्थी. सरांनी त्यालाही कधीतरी गृहविज्ञानाला जायला सांगितलं असणारच, तरी तो रेलीबाईला घेऊन आला. ती व्हरांड्यात उभी राहिली, पायातली चप्पल न सांगता काढून. सरांच्या डोळ्यांत तेवढ्यानेच तिची किंमत वाढली.

"बसा अक्का," सर म्हणाले. मला त्यांनी अकरा वर्षांत एकदाही बसा म्हटलं नव्हतं.

ती बसली नाही. "भाऊ, आमनं मेण खरं शे का खोटं, तेवढंच सांगा. कंपनी म्हनस, यामा मेणबत्ती शे. बठ्ठं मेण आग्यामोहोळनं शे. मी मना हाते गाळं."

"कंपनी दुसऱ्याकडून घेईल," शिक्षक हळूच म्हणाला, "पण पाड्यावर आता बायका म्हणताहेत की रेलीबाईनेच टाकलं. ढेपा तीच करते ना. येत्या बैठकीत तिला गटातून काढणार आहेत. आणि गटातून काढलं की मोहोळाच्या झाडांवरचा हक्कही जातो."

रेलीबाईने त्याच्याकडे पाहिलं आणि स्वतःच पुरं केलं. "म्हनतस, रेलीनीच टाकं."

सरांनी कंपनीचा अहवाल हातात घेतला, दोन्ही चष्म्यांतून वाचला आणि माझ्यासमोर टेबलावर टाकला. "वजनं सत्तावन्न, एकाहत्तर, पंच्याऐंशी. बघा मॅडम. मारून मारून तुकडे केलेत. आग्यामोहोळाच्या मेणात साखळीसारखे लांब हायड्रोकार्बन मुळातच असतात. ते फोडले की हेच तुकडे पडतात. पॅराफिन फोडलं तरी हेच पडतात. दोघांची जबानी सारखी. आणि यांनी लिहून टाकलं, गुन्हा कबूल."

अख्खे रेणू तोलले तर फरक लगेच दिसतो, तोही सांगते. मधमाशी साखळ्या बनवते त्या जवळजवळ सगळ्या विषम संख्येच्या कार्बनच्या: सत्तावीस, एकोणतीस, एकतीस. त्यामुळे आलेखावर ठरावीक अंतर सोडून खांब उभे राहतात. पॅराफिन जमिनीतल्या तेलातून येतं. त्याला सम-विषम असा भेदभाव माहीत नसतो. त्यात मधल्या जागाही भरलेल्या असतात.

रेलीबाईने ढेपेचा एक तुकडा दिला. नमुना ताब्यात घेण्याचं काम माझं. प्रकरण उद्या वादात जाऊ शकतं, म्हणून मी ते नेहमीपेक्षाही काटेकोरपणे केलं. नवी बाटली, नवं बूच, नमुना क्रमांक, तारीख, वेळ, सही. ओलावा किंवा धूळ जायला नको म्हणून बाटलीचं तोंड मोहोरबंद केलं. मग माझ्या कपाटात, खालून दुसऱ्या खणात. सर तार बनवेपर्यंत चार दिवस गेले. तीनदा वीज गेली आणि दीपनगरला तीनदा फोन झाले.

पाचव्या दिवशी रेलीबाईला बोलावलं होतं. सरांनी माझ्या बाटलीची मोहोर फोडली, वरच्या थरातला कण गरम द्रावकात विरघळवला, तारेवर चढवला. कागदावर लेखणी सरकू लागली. मोठे खांब एकामागून एक आले, अंतर सोडून, अगदी शिस्तीत. मला बरं वाटलं. मग मधल्या जागांत बारीक बारीक खांब आले. लहान, पण प्रत्येक जागेत एकेक.

सरांनी कागद काढून टेबलावर पसरला. मग रेलीबाईकडे वळले. गोड बोलणं त्यांना येत नव्हतंच, आणि त्या दिवशीही आलं नाही.

"अक्का, मेण खरं आहे. पण पॅराफिन आहे. थोडं आहे, पण आहे."

शिक्षकाने मान खाली घातली. मला वाटलं, आता ही रडेल, किंवा शपथा घेईल. मी पाण्याचा ग्लास भरायलाही घेतला. रेलीबाई टेबलापाशी आली आणि कागदावर वाकली. तिला वाचता येत नव्हतं. तिने मोठ्या खांबांवरून बोट फिरवलं.

"ह्या कोना?"

"हे मधमाशीचे."

बोट मधल्या बारक्या खांबावर गेलं. "आनि ह्या मधला बारका बारका?"

"हे मेणबत्तीचे."

"ह्या आमना नहीत," ती म्हणाली. तिच्या आवाजात विनवणी नव्हती. माझ्या वर्गात एखादीने 'हे माझं दप्तर नाही' असं सांगावं, तसं तिने सांगितलं. मग तिने टेबलावरची बाटली उचलली, उलटी केली, तिच्या तोंडाभोवतीचा पांढरा थर नखाने खरवडला आणि नाकाशी नेला.

"हाई बाटली कोनी बंद करी?"

सरांनी ते नख आपल्या नाकाजवळ ओढून घेतलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

बाळांनो, मी ती बाटली मेणबत्ती वितळवून मोहोरबंद केली होती. हवेतला ओलावा शोषणाऱ्या रसायनांच्या बाटल्या आम्ही वर्षानुवर्षं अशाच बंद करत आलो होतो: बूच लावायचं आणि तोंड वितळलेल्या पॅराफिनमध्ये बुडवायचं. माझ्याइतकं नीटनेटकं ते दुसऱ्या कुणाला जमत नसे. मेणात मेणबत्तीचं मेण आहे की नाही हे ठरवण्यासाठी आणलेला नमुना मी मेणबत्तीच्या मेणाने बंद केला, मेच्या उन्हात पत्र्याखालच्या कपाटात, ते वितळून आत ओघळेपर्यंत, चार दिवस ठेवला, आणि वर इंग्रजीत सुवाच्य लेबल लावलं. एम.एस्सी. प्रथम वर्ग.

सरांनी मला गृहविज्ञानाला जायला सांगितलं असतं तरी परवडलं असतं.

"मना हातमातलं मेण ल्या," रेलीबाई म्हणाली. तिने कमरेची गाठ सोडली. पळसाच्या पानात गुंडाळलेला मेणाचा गोळा होता, सुपारीएवढा. स्वतःला खात्री हवी म्हणून घरून निघताना तिने तो बरोबर घेतला होता की आमच्यावर भरवसा नव्हता म्हणून, ते मी विचारलं नाही.

पण पहिल्या परीक्षणातच तार तुटली होती. दुसरी नव्हती.

"बस अक्का," सर अहिराणीत म्हणाले. "आते तार नवी करनी पडी." आणि मग मराठीत, माझ्याकडे न बघता, "मॅडम, तुमचा पंखा."

मी पंखा बंद केला. रेलीबाई आठ तास व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली. मी माझ्या खोलीत बसले, पदराने वारा घेत. त्या दिवशी वीज गेली नाही. दीपनगरच्या त्या बिचाऱ्याच्या पुण्याईने असेल. संध्याकाळी सरांनी पळसाच्या पानातला कण तारेवर चढवला. मोठे खांब आले. मधल्या जागा कोऱ्या राहिल्या. रेलीबाईने एकेका कोऱ्या जागेवर बोट ठेवून पाहिलं आणि मग पहिल्यांदा खुर्चीवर बसली.

अहवाल लिहायचा होता. मी म्हणाले, "सर, दुसरा आलेख स्पष्ट आहे. तोच खरा आहे. पहिला पाठवायची गरज काय?"

"पहिला खोटा आहे का?"

"खोटा नाही, पण..."

"यंत्राने जे दिलं ते दिलं. पहिला फाडायचा असेल तर दुसराही फाडा. मग कंपनीचं म्हणणं खरं धरू."

"कंपनी म्हणेल, यांच्या प्रयोगशाळेत नमुनेसुद्धा नीट ठेवता येत नाहीत."

"बरोबर म्हणेल," सर म्हणाले आणि माझंच पेन माझ्यासमोर धरलं.

मी लिहिलं. रजिस्टरात आणि अहवालात, दोन्हीकडे. 'नमुना क्रमांक एक हा प्रयोगशाळा-प्रमुखांनी पॅराफिनने मोहोरबंद केल्यामुळे दूषित झाला.' चांगल्या इंग्रजीत लिहिलं. इंग्रजीत चूक कबूल केली की ती थोडी दुसऱ्याची वाटते, हे मला त्या दिवशी कळलं. अहवाल पाठवल्यावर चौथ्या दिवशी कंपनीतून एका माणसाचा फोन आला.

"मॅडम, म्हणजे पॅराफिन तुम्ही घातलंत?"

"हो."

"आणि हे तुम्ही स्वतःच लिहिलंय?"

"हो."

तो म्हणाला, "मग बाकीचंही खरंच असेल." माल त्यांनी परत घेतला.

मला वाटलं, झालं. पण रेलीबाई पुन्हा आली. कागद टेबलावर ठेवला. "हाऊ कागद पाडावर कोले वाचता येस? तुमी तठे या. बायासना समोर सांगा."

मी सरांकडे पाहिलं. मला वाटलं, ते म्हणतील की आम्हाला कामं आहेत. ते चप्पल शोधायला उठले.

बैठकीच्या दिवशी सकाळी आम्ही शिक्षकाच्या जीपने गेलो. जंगलाच्या कडेला, मोहाच्या झाडाखाली बायका बसल्या होत्या. सर आलेखाची गुंडाळी छातीशी धरून बसले होते, लहान मुलाला धरावं तशी. मी इस्त्रीची साडी नेसून उभी राहिले आणि बोलले. पाच मिनिटं बोलले. नमुना म्हणजे काय, तो का बंद करतात, कसा करतात, मेणबत्तीचं मेण कसं वितळतं, माझ्याकडून काय झालं आणि रेलीबाईचा यात काहीही दोष कसा नाही, सगळं क्रमाने सांगितलं. मग रेलीबाईने पावरीत ते बायकांना सांगितलं. चार शब्दांत. बायका माझ्याकडे बघू लागल्या. पुढे बसलेल्या एका म्हातारीने काहीतरी विचारलं, रेलीबाईने उत्तर दिलं, आणि सगळ्या खळखळून हसल्या.

सरांना पावरी थोडी कळायची. त्यांच्या लहानपणी शेतावर पावरा माणसं कामाला यायची. मी खाली बसत विचारलं, "तिने काय सांगितलं?"

"ती म्हणाली, 'हिने टाकलं. हीच सांगते.'"

"आणि त्या आजींनी काय विचारलं?"

सरांनी आलेखाची गुंडाळी उलगडली, पुन्हा गुंडाळली. "त्यांनी विचारलं, 'मग हिला काढून टाकलं का?'"

"मग रेलीबाई?"

"ती म्हणाली, 'मॅडमला कोण काढणार?'"

पुढे बायकांचं काम सुरू झालं. कुणी कुठल्या झाडावर जायचं, ढेपा कधी करायच्या. ढेपा रेलीबाईनेच करायच्या असं ठरलं. आमच्याकडे कुणी पाहत नव्हतं.

"रेलीबाईचं भाषांतर बरोबर आहे ना, मॅडम?" सरांनी विचारलं.

मी म्हणाले, बरोबर आहे.